एक सूत वाकडं

३ फेब्रुवारी

दुकान उघडून तीन आठवडे झाले. विक्री — दोन नग! एक ससा मेव्हणीने घेतला, एक हत्ती मुलीच्या मैत्रिणीने. म्हणजे गिऱ्हाइकं दोन आणि दोन्ही घरचीच.

दुकान म्हणजे काय, तर फोनमधलं एक पान. मुलीने परगावी बसून तयार करून दिलं. वर बायकोने विणलेले लोकरीचे प्राणी, तळहाताएवढे, आणि खाली 'विकत घ्या'चं बटण. ही आधी कारखान्यात गणवेशांच्या कॉलरी शिवायची. घरी आली की जेवताना बोलायचीसुद्धा नाही. ते सोडलं आणि आता दिवसभर विणते, गुणगुणते, माझ्याशी वाद घालते. ठरलंय असं की ऑगस्टपर्यंत दुकानाने जीव धरला तर ठीक, नाहीतर ही परत कॉलरींवर. मला ते व्हायला नकोय.

माझी बत्तीस वर्षं चित्रांना चौकटी करण्यात गेली. ते दुकान मालकाने गेल्या वर्षी बंद केलं — लोक आता फोटो भिंतीवर लावतच नाहीत. मुलगी म्हणाली, "बाबा, आई विणेल. जाहिरातीचं तुम्ही बघा. तुम्हाला तसाही काय उद्योग आहे?" खरं आहे. आठवडाभराची दाढी खाजवत खिडकीत बसणे हा काही उद्योग नव्हे. म्हणून ही वही. काय केलं आणि त्याचं काय झालं, ते लिहीत जायचं.

५ फेब्रुवारी

पान किती वेळा पाहिलं गेलं ते कळतं म्हणे. पाहिलं. सहा वेळा. त्यात चार वेळा मी!

९ फेब्रुवारी

मुलीने हौसेने जाहिरातीला थोडे पैसे भरले होते. दोन दिवसांत संपले. अकराशे लोकांपुढे जाहिरात गेली, तिघांनी बोट लावलं. एक मी, एक मेव्हणी. तिसऱ्याचा विचार काही डोक्यातून जात नाही. कोण असेल? हत्तीपर्यंत आला आणि परत का गेला? आमच्या दुकानात माणूस दारातून माघारी फिरला तरी त्याचं तोंड दिसायचं. भाव जास्त वाटला, की नुसता उन्हातून टेकायला आला होता, ते कळायचं. इथे नुसता आकडा.

पुन्हा पैसे घालायचे नाहीत. आहेत तरी कुठे! फुकटात काय काय होतं ते बघू.

१७ फेब्रुवारी

गोम फोटोंत आहे. हिने प्राणी फुलाफुलांच्या चादरीवर बसवून फोटो काढले होते. ससा कुठला आणि चादर कुठली, शोधावं लागतं. मी माळ्यावरून जुना पुठ्ठा काढला — चित्राभोवती लावायचा पांढरा जाड. त्याला बाक देऊन खिडकीशी उभा केला. उजेड नऊ ते साडेदहा सगळ्यात चांगला, तीन दिवस दर अर्ध्या तासाने फोटो काढून खात्री केली. अंतरही ठरवून टाकलं, जमिनीवर खडूने खूण केली आहे. आता प्रत्येक जण त्याच पुठ्ठ्यावर, तेवढ्याच अंतरावरून. ही म्हणाली, "पासपोर्ट काढताय का त्यांचे?"

मुलगी म्हणते, दुकान चालवणाऱ्यांचाही फोटो हवा, लोकांना माणसं बघायला आवडतात. म्हणून दाढी केली. ही दारातून बघत होती.

१ मार्च

वाचनालयाच्या फळ्यावर कागद लावून आलो. खाली दुकानाच्या पत्त्याच्या बारा पट्ट्या, कापून सुट्या केलेल्या — ज्याला हवी त्याने फाडून न्यावी. ताकाला जायचं तर भांडं कशाला लपवा! ग्रंथपालबाईंना चार दिवसांची परवानगी मागितली, त्या म्हणाल्या, "राहू द्या की महिनाभर, तुमच्या कागदाला कोण खातंय."

२ मार्च

बाराच्या बारा जागेवर.

४ मार्च

बारा. मग मीच एक फाडून खिशात घातली. पहिलं व्हायला कोणालाच आवडत नसावं.

६ मार्च

आठ राहिल्या! बरोबर ओळखलं होतं. माणसाला काय हवं असतं? दुसऱ्याने आधी घेतलेलं.

११ मार्च

भांडण! घुबडावरून!

डोळे ही सगळ्यात शेवटी लावते. काळी बटणं. आजच्या घुबडाचं उजवं बटण डाव्यापेक्षा एक सूत वर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाकी जगाला दिसत नाही, मला दिसतो. दुकानात मालक भिंतीला पट्टी लावायचा नाही, मला समोर उभा करायचा.

मी म्हटलं, "वाकडं आहे."

"सरळ आहे."

"अगं, एक सूत—"

"बत्तीस वर्षं लोकांच्या भिंती सरळ केल्यात. आता माझं घुबड सोडा."

पट्टी आणायला उठलो होतो, परत बसलो. बायकोची चूक पट्टी लावून सिद्ध केली की ती पट्टी घरात फार वर्षं निघते.

१२ मार्च

अबोला. वाकड्या घुबडाचा फोटो मी काढणार नाही म्हटलं. हिने स्वतःच काढला, माझ्याच पुठ्ठ्यावर, माझ्याच खुणेवरून, आणि पानावर टाकला. संध्याकाळच्या आत घुबड गेलं! अनोळखी बाई, अनोळखी गाव. खाली लिहिलंय, "याला मला काहीतरी विचारायचंय असं वाटतं."

पुन्हा जाऊन फोटो नीट पाहिला. खरंच की! त्या एका सुताने घुबडाची मान कलल्यासारखी वाटते. "हो का? मग पुढे काय झालं?" असं तोंड. सरळ डोळ्यांचा ससा दोन महिने नुसता समोर बघतोय, त्याला कोणाचंच काही पडलेलं नाही.

हिची माफी मागितली. "तुझं बरोबर, माझं चुकलं." एकोणतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य चार-पाचदा म्हटलं असेल. ही खूष व्हायला हवी होती. उलट विचारते, "म्हणजे खरंच वाकडं होतं का हो?"

मी म्हटलं, "असू दे. असंच लावत जा."

१५ मार्च

ही म्हणते, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मध्ये फुगली आहे. चौकट म्हटल्यावर मी उठणारच! ओळंबा सोडला. वरपासून खालपर्यंत केसाचाही फरक नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. ही एका डोळ्यावर तळहात ठेवून दारासमोर बराच वेळ उभी होती. डोळ्यात काही गेलं असावं. मग म्हणाली, "असेल बाई सरळ," आणि चहा ठेवला.

२९ मार्च

सुचलं ते भलतंच चाललं! प्राणी जर विचारणारच आहेत, तर काय विचारतायत ते आपणच लिहून टाकावं. प्रत्येकाच्या फोटोखाली एक प्रश्न.

हत्ती — "गॅस बंद केलात ना?"

मांजर — "मी झोपले होते तेव्हा काय काय झालं?"

कासव — "सगळे एवढ्या घाईने कुठे निघालेत?"

दुकानाचं नावही बदललं. चौकस मंडळी. मुलगी फोनवर हसत सुटली. म्हणाली, "बाबा, हे तुम्ही लिहिलंत?" म्हटलं, नाही, कासवाने लिहिलं.

आठवड्यात सात गेले. आणि मजा म्हणजे लोक उत्तरं देतायत! एका आजोबांनी हत्तीला लिहिलं, "बंद केला होता रे. पण तू विचारलंस म्हणून उठून पुन्हा बघून आलो." त्यांच्या नातीने ते चारचौघांना दाखवलं, त्या चौघांतल्या दोघांनी हत्ती मागवले. एक छदाम खर्च नाही. अकराशे लोकांपुढे जाहिरात नाचवून जे झालं नाही, ते एका आजोबांनी गॅस बघून केलं.

१० एप्रिल

गेल्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे ससा ठेवून आलो होतो, गळ्यात दुकानाच्या चिठ्ठ्यांची जुडी. त्याचा प्रश्न — "फार दुखतंय का?" आज बघायला गेलो. तिथली मुलगी म्हणाली, "लहान मुलं नाही हो, मोठी माणसंच धरून बसतात. कान ओला होतो." चिठ्ठ्या नऊ गेल्या. कान धुऊन परत ठेवला.

मी आता सहालाच उठतो. उजेड यायच्या आत आंघोळ, दाढी, पुठ्ठा मांडून तयार. ही म्हणते, "लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढ्या लवकर उठला नव्हतात."

४ मे

आज हिने चहा ओतला तो कपाबाहेर, थेट बशीत. स्वतःच हसली. "लक्ष नव्हतं." सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटायची सवय लागली आहे हिला, नेम धरल्यासारखी. चिडवलं तर म्हणाली, "तुमच्यावरच धरतेय, जपून असा."

९ मे

चाळीस! चाळीस!!

मुलांच्या पुस्तकांचं दुकान. बाईंचा स्वतःचा फोन आला. त्यांच्या दुकानात प्रत्येक कपाटावर एक चौकस प्राणी बसवायचाय, उरलेले विकायला. बारा जूनला पेटी रवाना व्हायला हवी, मग पुढे दर तीन महिन्यांनी तेवढेच. बाई म्हणाल्या, "डोळे मात्र असेच हवेत हं. सरळ डोळ्यांचे बाजारात ढिगाने आहेत."

हे जमलं तर ऑगस्टची भीती संपली. हिला सांगितलं, तर सुई खाली ठेवून हिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडते. हसत होती.

३१ मे

धडं, कान, शेपट्या — सगळे चाळीस तयार. रांगेत बसलेत, बिनडोळ्यांचे. आता रोज सकाळी तीन-चार जणांना डोळे.

८ जून

काय लिहू!

पेटीसोबत बाईंना एक पत्रक द्यायचं मनात होतं. पहिल्या सशापासून आजपर्यंतची सगळी मंडळी, ओळीने. फोटो छापून आणले, टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. मग उगाच कुतूहल — नेमकी कुठल्या चेहऱ्यापासून विक्री सुरू झाली? किती वाकडं म्हणजे चौकस, आणि किती म्हणजे नुसतंच वाकडं? पट्टी घेतली आणि प्रत्येकाच्या दोन डोळ्यांतून पेन्सिलीने रेघ मारत गेलो.

जानेवारीचा ससा — सपाट. फेब्रुवारी — सपाट. मार्चातलं घुबड — थोडी चढती. एप्रिल — आणखी. मे — आणखी. कालचं कासव तर घुबडाच्या दुप्पट! फेब्रुवारीपासून अंतर तेच, पुठ्ठा तोच, त्यामुळे फसायला जागा नाही. रेघ महिन्यागणिक चढत गेली आहे.

आधी हसू आलं. मग गुरुजी आठवले.

आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक. एक चौकट त्यांनी तीनदा परत आणली. "वाकडी केलीत." तीनदा मी पट्टी लावून दाखवली. ते गेले की आम्ही सगळे हसायचो. वर्षाने त्यांचा मुलगा आला. गुरुजींचा एक डोळा गेला होता. सरळ रेघ वाकडी दिसते ही त्या दुखण्याची पहिली खूण, डॉक्टर म्हणाले होते, फार उशिरा आणलंत.

दाराची चौकट. बशीतला चहा. मिटलेला डोळा. सगळं माझ्यासमोर झालं, वहीत माझ्याच अक्षरात आहे! घुबडाचे डोळे हिने सरळच लावले होते — हिला तसेच सरळ दिसत होते. एक सूत ओळखणारा माणूस म्हणून मिरवलो, आणि दिव्याखाली अंधार. चूक दिसली होती मला, पहिल्याच दिवशी दिसली होती. आणि विकली गेली म्हणून मी तिला बरोबर म्हटलं. असंच लावत जा म्हटलं.

शेजारच्या खोलीत ही डोळे लावते आहे, गुणगुणत. सोळा राहिलेत. मला भीती वाटते.

९ जून

सांगणार होतो. सकाळी ही म्हणाली, "ही पेटी एकदा गेली ना, की कारखान्याला कायमचा रामराम." नाही सांगितलं.

१० जून

एकतीस झाले. दोन-तीन दिवसांनी काय बिघडतं, असं दिवसभर स्वतःला समजावलं. गुरुजींच्या मुलानेही असंच समजावलं असेल.

११ जून

अडतीस.

१२ जून

पेटी गेली. पोचवून आलो, चपला न काढता दारातूनच म्हटलं, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. तुझे डोळे दाखवायला."

"बरं," म्हणाली.

का, कशाला, मला काय झालंय — काही नाही! हिला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे एरवी आठ दिवस मनधरणी. घाबरली असेल.

१३ जून

डावा डोळा. पडद्यामागे पाणी झिरपतंय, त्यामुळे पडद्याला सुरकुती पडल्यासारखं होतं आणि रेघा वाकतात. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण नीट समजावून सांगतात. त्यांनी हिच्यापुढे आडव्या-उभ्या रेघांचा एक कागद धरला, मधोमध ठिपका. एक डोळा झाकून विचारलं, कशा दिसतात? ही म्हणाली, "जाळ्यात दगड पडल्यासारख्या." मला त्या कागदावरची एकूण एक रेघ सरळ दिसत होती.

डोळ्यात इंजेक्शन, दर महिन्याला. बहुतेक थांबेल म्हणाल्या, थोडं सुधारेलही. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या लक्षात कधी आलं?"

"काल," मी म्हटलं.

ही माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो.

२० जून

रेघांचा तो कागद रोज एक-एक डोळा झाकून बघायचा आहे, काही बदललं तर लगेच कळवायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, फ्रिजवर चिकटवा. फ्रिजवर! मी त्याला चौकट केली. सागाची पट्टी, कोपरे पंचेचाळीस अंशांत, मागे ओळंबा लावून खिडकीशेजारी टांगली. वर्षभरात केलेली पहिली चौकट. ही म्हणाली, "छान झालीय. वाकडी आहे, पण छान झालीय."

दोघेही हसलो. मला मात्र नंतर जेवण गेलं नाही.

५ जुलै

आजच्या सशाचे डोळे मोजले. हिला न सांगता, पाठमोरी असताना. जवळजवळ सपाट!! पट्टी उलटी धरून पुन्हा मोजले. तेच.

फोटो पानावर टाकला, तर संध्याकाळी जुन्या गिऱ्हाइकाची तक्रार — "हा ससा काही विचारत नाही हो. आधीचे विचारायचे." असा आनंद मला चाळीसच्या फोननेही झाला नव्हता. त्यांना लिहिलं, "बरोबर आहे. त्याला उत्तर मिळालंय."

९ जुलै

पण पुस्तकांच्या दुकानाला 'असेच' हवेत. हिने मुद्दाम वाकडे लावून पाहिले, हात ऐकत नाही, सरळच जातो. शेवटी मीच पुठ्ठ्याची एक पट्टी कापली, दोन भोकं, उजवं बरोब्बर एक सूत वर. आता विणायचं हिने आणि डोळे लावायचे मी. बत्तीस वर्षं वाकड्याचं सरळ केलं, आता सरळाचं वाकडं करून खातोय! पहिल्या हत्तीला डोळे लावायला पाऊण तास लागला. बोटाला तीन भोकं. ही शेजारी बसून सांगत होती, "गाठ आतून. आतून! हत्तीला मस आलाय का?"

१५ जुलै

राहवलं नाही, सांगून टाकलं. "मला आठ तारखेलाच कळलं होतं. पेटी जावी म्हणून चार दिवस गप्प बसलो."

ही घुबडाच्या पोटात कापूस भरत होती. हात थांबला नाही. "चारच दिवस? मला तर तुम्ही दाराला ओळंबा सोडलात त्याच दिवशी कळलं. डावा डोळा झाकला की चौकट सरळ व्हायची."

मार्चात! मी ओरडलोच. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सकाळी उठून दाढी करायला लागला होतात."